काबूलपर्यंत एक काठी

दौलताबादच्या किल्ल्यावर अंधारीच्या तोंडाशी आलं की साळवे गाईड आधी तुमच्या हातातलं सगळं काढून घ्यायचे. काठी, छत्री, पर्स, पाण्याची बाटली, एकदा तर नव्या नवरदेवाच्या हातातला नारळसुद्धा. अंधारी म्हणजे किल्ल्याच्या पोटातला काळाकुट्ट भुयारी रस्ता. शत्रूला चकवायला खोदलेला, हल्ली शाळेच्या सहलींना घाबरवायला वापरतात. आत वटवाघळं. हातात काही असलं की माणूस ते अंधारात फिरवतो आणि वटवाघूळ सोडून मागच्याचा डोळा फोडतो, हा साळव्यांचा तीस वर्षांचा अनुभव. सगळ्या वस्तूंची मोळी ते काखेत मारत, दुसऱ्या हातात मशाल धरत आणि सांगत, "पुढच्याच्या खांद्यावर हात ठिवा. आता आपापलं नाव सांगा, मोठ्यानं. आत जेवढी नावं गेली तेवढी वर निघाली पायजेत. वस्तू वर देतो. माणूस बी वर देतो."

मी पहिल्यांदा भेटले तेव्हा आठवीच्या मुलींची सहल घेऊन गेले होते. मुलींनी मुकाट्यानं डबे-बाटल्या दिल्या. मी छत्री देईना. मी म्हटलं, मी शिक्षिका आहे, भूगोल शिकवते. साळवे अदबीनं म्हणाले, "व्हय बाई. वटवाघळांना सांगतो तसं."

छत्री दिली. पुढची वीस वर्षं, दर सहलीला, देत राहिले.

साळवे किल्ल्याखालच्या गावातच राहत. किडकिडीत अंग, इस्त्रीचा पांढरा शर्ट, आणि नाकावर घसरणारा जाड काड्यांचा चष्मा. घरात वेरूळच्या बाजारातून आणलेली बुद्धाची छोटी मूर्ती, आणि तिच्या शेजारी खिळ्याला टांगलेली एक काठी. अक्रोडाच्या लाकडाची, मुठीवर पितळेचं कबूतर. त्यांची बायको दर महिन्याला तिला तेल लावायची. कुणी विचारलं तर साळव्यांचा चेहरा पडायचा.

झालं होतं असं. काबूलचे एक वयस्कर मास्तर, करीम नावाचे, उपचारासाठी भारतात आले होते. परत जाण्याआधी बायकोला घेऊन किल्ला बघायला आले. साळव्यांनी रीतसर काठी काढून घेतली, "वर देतो" म्हणाले, नावं घेतली, मशाल उचलली. मध्येच एका हौशी पाहुण्यानं बॅटरी पेटवून छताकडे मारली. वटवाघळं उठली, रांग फुटली, आरडाओरडा झाला. म्हाताऱ्याचा श्वास कोंडला म्हणून बायकोनं त्याला आल्या वाटेनं मागे ओढून नेलं. साळवे वर पोचले, नावं मोजली. दोन कमी. धावत खाली आले तोवर गाडी निघून गेली होती. काखेतल्या मोळीत काठी तशीच.

पाहुण्यांच्या अभिप्रायाच्या वहीत म्हाताऱ्यानं सकाळीच पत्ता लिहिला होता: उस्ताद करीम, शोर बाजाराच्या मागे, नानबाईच्या समोर, काबूल. नानबाई म्हणजे नान भाजणारा. साळव्यांनी पत्रं टाकली. एकाचंही उत्तर आलं नाही. सात वर्षं गेली, मधे बायको गेली, ते निवृत्त झाले, आणि एक दिवस संभाजीनगरला माझ्या घरी येऊन चहाचा कप खाली ठेवत म्हणाले, "बाई, तुम्ही भूगोलाच्या. काबूलला कसं जातेत?"

मी तीस वर्षं भूगोल शिकवलेला. क्षणाचाही विलंब न लावता म्हणाले, "खैबर खिंडीतून."

साळव्यांनी चष्मा वर सरकवला. "विमानानं म्हणतो मी."

मी त्या वेळी अठ्ठावन्न वर्षांची होते, म्हणजे अक्कल यायला अजून बराच अवकाश होता. शिर्डीपलीकडे एकटीनं गेले नव्हते, पण स्वतःला मोठी साहसी प्रवासी समजायचे. आमच्या निवृत्त शिक्षिकांच्या मंडळात कुणी युरोप दाखवायची, कुणी दुबई. तिथल्या फोटोंत सगळ्या एकाच कारंज्यापुढे उभ्या. मला वाटलं, काबूल. तिथून आलेल्या बाईपुढे दुबईची काय बिशाद. साळव्यांना म्हटलं, मी पण येते, तुम्हाला परदेशाची सवय नाही. मला तरी कुठे होती. घरी आमच्या ह्यांनी फक्त एवढंच विचारलं की तिथं भाजी कुठली मिळते, आणि मुलानं पुण्याहून फोन करून तासभर जे सांगितलं त्यातलं मी काहीही ऐकलं नाही. अकरा खिशांची पँट घेतली, गळ्यात शिट्टी घातली आणि एक मृत्युपत्र लिहिलं, ज्यात माझ्या पैठण्यांची वाटणी फार उदात्त भाषेत केली होती.

साळव्यांनी एकच पिशवी घेतली. माझी तयारी बघून म्हणाले, "दिल्लीच्या एका बादशहानं अख्खी दिल्ली उचलून आमच्या गावात आणली, अन मग परत नेली. मला एक काठी न्यायचीय."

दिल्लीच्या विमानतळावर काठीवरून अडलं. चालायला लागत असेल तरच हातात नेता येईल, असं तिथला माणूस म्हणाला. साळव्यांचे पाय धडधाकट, आणि खोटं बोलायला त्यांचा नकार. "मी नाय बोलणार. तुम्ही बोला," असं म्हणून त्यांनी काठी माझ्या हातात दिली. जगातल्या सर्वात धोकादायक शहराकडे निघालेली साहसी बाई अकरा खिसे सांभाळत दिल्ली ते काबूल लंगडत गेली.

काबूलमध्ये शहर दिसायच्या आधी भिंती दिसल्या. सिमेंटच्या उंच भिंती, त्यांवर काटेरी तारा, मागे बर्फाचे डोंगर. आम्ही उतरलो त्या अतिथिगृहाचे मालक हमीदसाहेब आपल्याकडच्या मालिका बघून हिंदी शिकलेले, त्यामुळे साधं 'जेवण तयार आहे' सुद्धा एखादं गुपित फोडल्यासारखं सांगायचे. त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं की विचारल्याशिवाय फाटकाबाहेर पाऊल टाकायचं नाही. शोर बाजाराचं नाव काढलं की ते खिडकीबाहेर बघत आणि म्हणत, आज नको.

दोन दिवस आम्ही डाळिंबं खात बसलो. साळवे गच्चीवरून शहर बघायचे आणि संभाजीनगरच्या शहागंजातली गर्दी जास्त की इथली याचा हिशेब करायचे. मी डायरी लिहायचे. ती अजून आहे. पहिल्या पानावर लिहिलंय, 'वातावरणात बारुदाचा गंध आहे. माझं मन मात्र अविचल.' तो वास कबाबाच्या कोळशाचा होता. अविचल मनाबद्दल पुढे येतेच.

तिसऱ्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास मोठा आवाज झाला. लांब होता, पण टेबलावरच्या पेल्यांनी तो ऐकला. मग दुसरा, जवळचा. हमीदसाहेबांनी या वेळी मालिकेतल्यासारखं काही म्हटलं नाही, नुसता हात करून तळघर दाखवलं. आम्ही बारा-तेरा जण खाली गेलो. दोन परदेशी इंजिनियर, आचारी, झाडलोट करणारी बाई, आणखी काही पाहुणे. दार लावलं आणि दिवा गेला.

असला अंधार मी फक्त अंधारीत बघितला होता. तिथं निदान तिकीट काढून जातात. कुणीतरी रडायला लागलं. थोड्या वेळानं कळलं, मीच.

तेवढ्यात साळव्यांचा आवाज आला. दख्खनी हिंदीत, अगदी किल्ल्यावर यायचा तसा. "हात का सामान मेरेकू देओ. सामनेवाले के खंदे पे हात रखो." आणि हे त्यांनी नुसतं म्हटलं नाही, खरोखर अंधारात चाचपडत सगळ्यांच्या हातातल्या वस्तू गोळा केल्या. आचाऱ्याचा झारा, इंजिनियरची बॅग, माझी शिट्टी. हमीदसाहेबांनी सगळ्यांना समजेल असं सांगितलं. मग नावं सुरू झाली. एकेक आवाज, आधी घोगरा, मग मोकळा होत गेला. झाडलोट करणाऱ्या बाईनं नाव सांगितलं तेव्हा तिच्या पुढे उभ्या असलेल्या मला खांद्यावर तिचा हात जाणवला. माझा नंबर आला. मी गळ्यातली शिट्टी शोधत होते, ती साळव्यांनी नेली होती.

"बाई, नाव सांगा," साळवे म्हणाले. "तुमच्या नावाबिगर मी पुढं जात नाय."

तिथं पुढं जायला जागाच नव्हती. समोर भिंत होती. पण त्यांचा आवाज असा की रस्ता आहे, वर उजेड आहे, आणि सगळं माझ्यावर अडलंय. एरवी मी नाव सांगायचे तर सौभाग्यवतीपासून बी.एड.पर्यंत. त्या दिवशी कसंबसं बाहेर पडलं ते माहेरचं, "कुमी."

"कुमी आली," साळवे म्हणाले आणि पुढच्याला विचारलं.

तासाभरानं दार उघडलं. त्यांनी दाराशी उभं राहून पुन्हा एकेक नाव घेतलं आणि ज्याची त्याची वस्तू परत दिली. आचाऱ्यानं झारा घेताना त्यांच्या हाताला कपाळ लावलं.

दुपारी हमीदसाहेबांनी सांगितलं की उद्याच्या विमानानं परत जा. मला तर आजच्या विमानानं जायचं होतं. मी साळव्यांना फार समंजस स्वरात म्हटलं की काठी हमीदसाहेबांकडे ठेवू, शांत झालं की ते पोचवतील. त्या म्हाताऱ्यानं एव्हाना दुसरी घेतली असेल, तो जिवंत आहे की नाही हेही माहीत नाही.

साळवे काठीवरची धूळ पुसत होते. "दोन नावं माझ्याकडनं कमी झालीत बाई. हमीदसाहेबाकडनं नाय. तुम्ही हितं थांबा, मी जाऊन येतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी मीही त्यांच्याबरोबर गेले. पुढे अनेक वर्षं मी हे शौर्य म्हणून सांगितलं. खरं कारण असं की त्या तळघरात साळव्यांशिवाय बसायची माझी छाती नव्हती.

हमीदसाहेबांनी स्वतःच गाडी काढली. शोर बाजारामागे नानबाईचा तंदूर होता. साळव्यांनी तेवढ्या घाईतही एक नान उलटसुलट करून बघितला आणि आपल्याकडच्या नानवर असते तशी पिवळी चकाकी याला नाही असा निकाल दिला. समोरच्या घराचं दार एका ठेंगण्या म्हातारीनं उघडलं. तिची नजर आमच्यावर नव्हतीच. काठीवर होती. तिनं काठी ओढून घेतली आणि आत वळून जे सुरू केलं ते थांबेचना.

हमीदसाहेब भाषांतर करता करता हसायला लागले. उस्ताद करीम जिवंत होते, आत गादीवर बसून चहा पीत होते. आणि सात वर्षं ते रोज बायकोला सांगत होते की काठी हिनं हरवली, हिनं गाडीत विसरली, हिचं लक्षच नसतं. किल्ल्यावर त्या माणसानं काढून घेतली होती, असं ती सांगायची. कुठला माणूस, असं ते विचारायचे. आता तो माणूस दारात उभा होता, चष्मा घसरलेला, घामाघूम.

म्हाताऱ्यांनी काठीकडे बघितलं, चहाचा एक घोट घेतला. मग फक्त म्हणाले की साखर कमी आहे. बायकोनं साखर दिली नाही.

साळव्यांनी पिशवीतून किल्ल्यावरची ती अभिप्रायाची वही काढली, निवृत्त होताना मागून घेतलेली. सात वर्षांपूर्वीचं पान उघडलं आणि दोघांना नावं सांगायला लावली, मोठ्यानं. "करीम." "झैनब." पेनानं दोन खुणा केल्या आणि खाली लिहिलं, 'वर आले.' मग वही पिशवीत ठेवून ते खालीच बसले.

परत आल्यावर मी काय केलं ते सांगायला हवं. मंडळात भाषण ठोकलं, फोटोंसकट. तळघराच्या प्रसंगात मी सगळ्यांना धीर दिला असं सांगितलं, आणि ते सांगताना मला स्वतःचं इतकं कौतुक वाटलं की मागच्या रांगेत साळवे बसलेत हे विसरले. कुणीतरी त्यांना विचारलं, असंच झालं का. साळवे उठून म्हणाले, "व्हय. बाईंनी नाव लई मोठ्यानं सांगितलं." आणि खाली बसले. त्यानंतर मी काबूलबद्दल खोटं बोलले नाही. फार त्रास झाला.

तीन वर्षांपूर्वी साळव्यांच्या हृदयाचं ऑपरेशन ठरलं. आत नेण्याआधी मी भेटायला गेले. नर्सनं सांगितलं, अंगावरचं सगळं काढून ठेवा. त्यांनी चष्मा काढला, इकडेतिकडे बघितलं आणि माझ्या हातात दिला. चष्म्याशिवाय त्यांचा चेहरा एकदम लहान दिसला.

"धरा बाई. बाहेर आलो की घेतो."

मी म्हटलं, "आधी नाव सांगा."

ते हसले. मग ओरडलेच, "उत्तम साळवे." अख्ख्या वॉर्डानं माना वळवल्या. स्ट्रेचर आत गेलं.

ते बाहेर आले नाहीत.

चष्मा माझ्याकडे आहे. त्यांच्या माणसांना द्यायला गेले होते, पण त्यांचा भाचा म्हणाला, ठेवा आठवण म्हणून. आठवण कसली, अमानत आहे ती. महिन्यातून एकदा काचा पुसते. नात म्हणते, आजी, तुला तो लागतसुद्धा नाही. तिला काय सांगू.

मी आता एकाहत्तरची आहे. दिल्लीच्या विमानतळावर ज्याचं नाटक केलं ते गुडघ्यांनी खरं करून दाखवलंय. अजून एक गाव बघायचं राहिलंय, जिथून फोटो घेऊन परतलेली बाई आमच्या मंडळात एकही नाही. तिकडे कसं जातात हे भूगोलात नाही. खैबर खिंडीतून नसावं एवढं नक्की. अकरा खिशांची पँट नातीनं स्कूटी पुसायला घेतली आहे, तेव्हा चष्मा हातातच न्यावा लागेल. अंधाराच्या तोंडाशी कुणीतरी हातातलं काढून घ्यायला उभं असेलच. या वेळी हुज्जत घालणार नाही. चष्मा देईन आणि विचारायच्या आत नाव सांगेन, माहेरचं.