गाढवाचं पुस्तक आणि आमचा रविवार

मुकुंदवाडीत आम्ही तिघं दर रविवारी मुलांचा वाचनकट्टा भरवतो: शाळेत शिकवणाऱ्या सुषमाताई, चितेगावच्या कंपनीत नोकरी करणारा इम्रान आणि मी. पुस्तकं दोन कपाटांत मावतात. किस्से मावत नाहीत. सध्याचे तर सगळे एकाच पुस्तकाचे.

*

कुंभाराचं गाढव पळून दौलताबादच्या किल्ल्यावर जातं आणि वस्तीतला म्हादू त्याला शोधत निघतो, अशी ती गोष्ट. तिसरीत मला ती पाठ होती. परवा तिच्या लेखकाचं भाषण मोबाइलवर पाहिलं. म्हणे, वस्तीतल्या पोरांच्या हाती पुस्तकं देणं म्हणजे पुस्तकांचा अपमान.

मी वस्तीतच वाढलो. तडक कट्ट्याचं कपाट उघडलं आणि पुस्तक पिशवीत कोंबलं.

इम्रान म्हणाला, "अरे भाई, इसमें गधे का क्या कसूर?"

*

घरी आणलं, तर आईनंच उचललं. वाचण्याच्या नादात तव्यावरची भाकरी करपली.

"आई, हा माणूस आपल्याबद्दल काय बोललाय, माहितेय का?"

"ऐकलंय की. ते गाढव घरी येतं का नाय, तेवढं सांग."

*

मग मीच पेन्सिल घेऊन बसलो. विष सापडल्याशिवाय उठायचं नाही!

सापडलं. म्हादू पाणी मागतो आणि पाटलीणबाई त्याच्या ओंजळीत वरून ओततात. लेखकानं ते गंमत म्हणून लिहिलंय. तिसरीत मलाही ते खटकलं नव्हतं.

रागानं पान उलटलं. पुढच्या पानावर गाढव सरपंचाचा फेटा खातं. मी खदखदून हसलो. मग हसल्याच्या रागात पेन्सिलच मोडली.

*

कट्ट्याचा नियम असा की ज्याचा वाढदिवस, त्यानं पुस्तक निवडायचं. ते पूर्ण वाचायचं, एकही ओळ गाळायची नाही. नियम माझाच.

या रविवारी प्रांजलचा वाढदिवस होता. चौथीतली पोर. तिला गाढवाचंच पुस्तक हवं होतं.

"दुसरं घे ना."

"नाय."

मी सुषमाताईंकडे पाहिलं. त्या म्हणाल्या, "लेखकाची जिरवायला निघालास आणि पोरीचीच निवड हाणून पाडतोस व्हय?"

पुस्तक अजून पिशवीतच होतं. काढावंच लागलं.

*

वाचायला बसलो. मुलं हसत होती. ते पान जवळ आलं, तसा माझा आवाज बारीक झाला. तरी ओळ गाळली नाही.

"वरून का वततात, दादा?" प्रांजलनं विचारलं.

"त्याच्या जातीमुळं."

हसणं थांबलं. मी पुस्तक मांडीवर पालथं ठेवलं.

प्रांजल उठली. दप्तरातून बाटली काढून तिनं दोन घोट घेतले आणि तीच बाटली माझ्यापुढं धरली.

"धर दादा. तोंड लावून पी. मग पुढचं वाच."