सुंदरबाईची झोप

आसेगावच्या नीलिमानं बी.एस्सी. केलं, चार वर्षं घरी काढली आणि मग तिला पाहणीचं काम मिळालं. मोबाईल टॉवरच्या लहरींचा माणसाच्या मनावर परिणाम होतो का, हे एका संस्थेला तपासायचं होतं. घरोघर जायचं, हातातल्या मशीननं लहरी मोजायच्या, आणि झोप, भूक, उदासी यांविषयी प्रश्न विचारायचे.

इंझोरीत टॉवरला लागूनच सुंदरबाईचं घर होतं. दोन वर्षांपासून तिला धड झोप नव्हती.

"हा टॉवर उभा राह्यला तवापासून डोक्शात घूं घूं होते," ती म्हणाली. "लिही."

मशीननं आकडा अगदीच कमी दाखवला. पाहणी संपेपर्यंत तो कुणाला सांगायचा नव्हता. नीलिमानं शेवटचा प्रश्न विचारला, "मावशी, जगू नाई असं वाटते काय?"

"रोज."

असं उत्तर आलं की डॉक्टरकडे न्यायचं, असा नियम होता. वाशीमच्या बसमध्ये सुंदरबाई आपणहून बोलली. टॉवर उभा राहिला त्याच महिन्यात तिची निकिता तापानं गेली होती. नर्सिंग शिकत होती, एकोणीस वर्षांची. नवरा, जगदेव, घरात तिचं नावही काढू देत नसे.

"टॉवरचं सांगतलं त लोक आयकतात," ती म्हणाली. "पोरीचं काढलं का उठून जातात."

डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्यांनी ती थोडी झोपू लागली. वर्षभरानं ग्रामपंचायतीत निष्कर्ष वाचून दाखवायचं काम नीलिमाकडेच आलं. या गावांपुरता तरी लहरी आणि उदासी यांचा संबंध दिसला नव्हता.

सुंदरबाई उभी राहिली. "मंग मी खोटी बोलून राह्यली काय?"

"तसं नाई, मावशी..."

मागे कुणीतरी हसलं. त्या दिवसापासून सुंदरबाईनं गोळ्या सोडल्या. जगदेवनं तिला जऊळक्याला तिच्या भावाकडे नेऊन ठेवलं. तिथे टॉवर दूर होता. झोप तिथेही आली नाही.

नीलिमाला हे कळलं तेव्हा तिचं काम संपलं होतं. एका रविवारी ती जऊळक्याला गेली. सुंदरबाई ओसरीवर बसली होती, वाळून निम्मी झालेली.

"मशीन आणली?"

"नाई. निकिताचं आयकाले आली."

सुंदरबाईनं सरकून तिला बसायला जागा केली. मग म्हणाली, "आता काय सांगू? आवाजच आठवत नाई तिचा."

नीलिमा संध्याकाळच्या गाडीपर्यंत तिच्याजवळ बसून राहिली.