‘फाटक’ गाण्यातली चूक

पुंडलिकभाऊ गेल्याचा फोन आला, तेव्हा माझ्या फोनात पुंडलिकभाऊच गात होते. आमच्या यजमानांनी हौसेनं तीच रिंगटोन लावून दिली होती. ऊर्जानगरच्या क्वार्टरमध्ये मी भाजी निवडत होते. म्हटलं, ओळ पुरी होऊ दे, मग उचलते... पलीकडे त्यांची मुलगी प्रज्ञा होती. “आत्या, बाबा गेले,” एवढंच म्हणाली.

बाहेरच्या वाचकाला हे नाव ठाऊक नसेल. पण नागभीडपासून कुरखेड्यापर्यंत कुणालाही विचारा, आमच्याकडे सुपरस्टार एकच होता. कॅसेटवर काळा चष्मा, गळ्यात मफलर, एरवी सायकल थांबवून भाताची रोपं लावणाऱ्या बायांना “रोवणा झाला का वं?” विचारणारा माणूस. त्यांची ‘रोवण्याचे दिवस’ ही कॅसेट निघाली आणि मांडवात, पानठेल्यावर, काळीपिवळी जीपमध्ये, जिकडे तिकडे तीच वाजू लागली. त्यातलं ‘फाटक’ हे भाऊंनी आणि मी मिळून गायलेलं गाणं. रेल्वेचं फाटक लागलेलं, तो त्या बाजूला, ती या बाजूला, आणि मधली मालगाडी काही केल्या संपत नाही.

मी तेव्हा कॉलेजात होते. भीमजयंतीच्या कार्यक्रमात माझं गाणं ऐकून भाऊंनी मला निवडलं होतं. नागपूरच्या स्टुडिओत कानाला हेडफोन लागले आणि माझं भानच सुटलं. गाण्यातली गाडी जायच्या आधीच ‘उघडलं फाटक, ये ना रे’ ही शेवटची ओळ मी गाऊन मोकळी झाले! भाऊ खळखळून हसले आणि गाण्याच्या मध्येच बोलले, “थांब ना वं, गाडी तं जाऊ दे!” मग ठेका न सोडता त्यांनी पुढचं कडवं उचललं. स्टुडिओची वेळ संपली होती, पुन्हा गायला मिळालं नाही. परतीच्या बसमध्ये मी रडत बसले, तर म्हणाले, “काऊन रडून राह्यली? लोकं हसतीन, अन् हसले तं ध्यानात ठेवतीन.”

चांगलंच ठेवलं. कार्यक्रमात ती जागा आली की भाऊ माइक लोकांपुढे धरायचे आणि अख्खं मैदान ओरडायचं, “थांब ना वं!” झाडीपट्टीच्या नाटकांत ते आलं, आता पोरांच्या रीलमध्येही आहे. माझ्या स्वतःच्या लग्नात मी हार जरा लवकर उचलला, तर सगळा मांडव तेच ओरडला. सासूबाईंपुढे मेल्याहून मेल्यासारखं झालं. खरं सांगते, त्या ओळीचा मला मनापासून राग यायचा.

पुढे घशाच्या आजारात भाऊंचा आवाज गेला. सुमनवहिनींना हाक मारायची तर ते ताटलीवर बोटांनी ‘फाटक’चा ठेका धरायचे. वहिनी चुलीपुढून उठून यायच्या, “आली, आली” म्हणत. भेटायला गेलं की मीच बडबड करायची आणि त्यांनी डोळ्यांनी हसायचं... त्या घरात शांत बसवत नसे.

ते गेल्यावर महिन्याभरानं नागभीडला गेले. प्रज्ञानं नागपुरातून सगळी कॅसेट नव्यानं साफ करून घेतली होती. “आत्या, खरखर काढली, अन् तुमची ते चूकबी काढली. आता मोबाइलवर सगळ्यायले आयकाले टाकाची आहे.” मला आनंदच झाला. इतक्या वर्षांनी सुटले बाई एकदाची! तिनं गाणं लावलं. सरळ, गुळगुळीत, कुठं अडखळणं नाही.

वहिनी पिठाच्या हातांनी दारात आल्या. “त्यायचं हासणं कुठी गेलं?”

“ते चूक होती आई, काढून टाकली.”

वहिनी तिथंच उंबरठ्यावर बसल्या. “बाकी साऱ्या कॅसेटीत ते गाते, बाई. तेवढ्या एका जागी ते बोलते.”

प्रज्ञानं गाणं बंद केलं. मग मीच म्हटलं, “प्रज्ञा, माझी चूक परत घाल.”

नवं गाणं निघालं, चुकीसकट. पण वहिनींना ते मोबाइलवरचं नको असतं. त्यांचा जुना टेप स्वयंपाकघरात फळीवर असतो, शेजारी भाऊंची ती ताटली. परवा गेले तेव्हा दिवेलागण झाली होती. वहिनी तांदूळ निवडत होत्या. टेप सुरू होता. मी नेहमीसारखी घाई केली, भाऊ हसले आणि म्हणाले, “थांब ना वं, गाडी तं जाऊ दे!”

सुपावरची मान वर न करता वहिनी म्हणाल्या, “थांबली ना जी... थांबलीच आहो.”