दारात पडलेली अंगठी

माझ्या साखरपुड्यासाठी आम्ही धरणगावहून धुळ्याला निघालो होतो. उन्हात चमक पाहायला धरलेली अंगठी निसटली आणि काचेच्या फटीतून गाडीच्या दारात पडली.

धुळ्यात गाड्यांची दारं-काचा दुरुस्त करणाऱ्या एका म्हाताऱ्या कारागिराचं दुकान दिसलं. मी दाराचं आतलं आवरण ओढू लागलो, तसा त्यांनी माझा हात धरला.

"घाई तुमले शे भाऊ, क्लिपले नही."

चपटी पट्टी सरकवून त्यांनी प्लास्टिकची एकेक क्लिप अलगद उचकटली. अंगठी सापडली आणि आम्ही नाचायलाच लागलो.

"नाना, निघतो आता," मी म्हणालो.

"थांबा."

आवरण परत बसवून प्रत्येक क्लिप त्यांनी अंगठ्याने टक् आवाज येईपर्यंत दाबली. मग दार लावून, कुठे खडखड येत नाही ना ते कान देऊन ऐकलं आणि हसले. साखरपुडा माझा होता, पण त्या क्षणी जास्त आनंद त्यांनाच झालेला दिसला.