पोखर्णीच्या पाळण्यातली सर्शा

पुतण्याला तिसरी मुलगी झाली आणि वहिनींचा फोन आला. "भाऊजी, बारशाला या. नकुशी नाव ठेवायलोत. म्हंजे पुढचं पोरगं व्हईल."

डोकंच फिरलं. पुण्याहून परभणीची दोन तिकिटं काढली, एक माझं, एक मीनाचं. मीना माझी मुलगी, आयर्लंडला नर्स, सुटीवर आलेली. पुतण्याला सख्खी बहीण नाही, म्हणजे बाळाची आत्या हीच. आणि कानात नाव सांगायचा मान आत्याचा.

परभणी स्टेशनबाहेर पोहे बरे मिळतात. पुढं गंगाखेड रस्त्यानं पोखर्णी. जीप भरल्याशिवाय हलत नाही, घाई असेल तर एसटी बघा. नृसिंहाच्या दर्शनाला जाणार असाल आणि गर्दी नको असेल, तर शनिवार टाळा.

जीपमध्ये मागं दोघं बोलत होते. "तिसरी बी पोरगीच म्हणं. मग घुगऱ्या कशापायी वाटायल्यात?"

आमच्याच घराबद्दल! मी वळून म्हणालो, "या की खायला. पोटभर वाढतो."

मीनानं नाव ठरवलं होतं, सर्शा. तिकडच्या भाषेत स्वातंत्र्य. तिथं जुनी नावं ढिगानं, पण हे त्यातलं नव्हे. इंग्रजांचं राज्य घालवायच्या धामधुमीत लोकांनी हा साधा शब्द लेकींना लावला. आता तिकडं बऱ्यापैकी चालतं, बाहेर फारसं कुणी ऐकलेलं नसतं.

पाळण्याशी वहिनी कुजबुजल्या, "मीने, नकुशीच म्हण बरं का."

मीना वाकली. "कुर्रर्र... सर्शा!"

नाव सांगताना आत्याच्या पाठीत बुक्के घालायची गंमत असते. वहिनींचा बुक्का गमतीतला नव्हता. मीना कळवळली.

"असलं कसलं नाव?" वहिनी कडाडल्या.

बाळाची आई पाळण्याशी आली. तिनं विचारलं, "ताई, अर्थ काय हो?"

"आझादी."

"मग हेच ऱ्हाऊ द्या."

"तुला कोण इचारलं गं?"

आता माझा तोल गेला. "वहिनी, माहेरी तुमचं नाव काय होतं? लग्नात बदललं तेव्हा तांदळातलं नवं नाव बोटानं परत परत गिरवत होता तुम्ही. मी शेजारीच होतो. तेव्हा तुम्हाला तरी कुणी विचारलं होतं?"

वहिनी घुगऱ्यांचं पातेलं घेऊन आत गेल्या. निघताना पाया पडलो, तर त्यांनी पाय मागं घेतले.

पुण्यात येऊन आठवडा झाला. राग उतरलेला नाही. त्या जीपमधल्यांवरचा तर नाहीच. काल बाळाच्या आईचा फोन आला. मागं वहिनींचा आवाज चालू होता, शेजारणीला दम देत होत्या. "नकुशी म्हणायचं न्हाई माझ्या नातीला. जीभ वळत नसंल तर नुसतं बाई म्हण."