पांढऱ्या मातीची खदान

दिवाळीआधी सारवायची पांढरी माती भिजवली, की तिच्या वासाने मला रिसोडजवळची खदान आठवते. स्वातंत्र्याला सात-आठ वर्षे झाली असतील. वहिनी, मी आणि एक शेजारीण माती खणत होतो. काश्मीरहून सुट्टीवर आलेल्या माझ्या फौजी भावाला वरच्या कड्याला नवी भेग दिसली. बाहेरची वाट तिच्याच खालून होती. "एकेक जनी या," तो हळूच म्हणाला, "कोसळलं तं एकच सापडन, बाकीच्या तिले काढतीन." वहिनी हसली, "इथं कुठं तुमच्या काश्मीरचा बर्फ हाय?" तो हसला नाही. आम्ही एकेक करून निघालो; सगळ्यांत शेवटी वहिनी बाहेर आली आणि थोड्याच वेळात कडा खाली आला. "तिथं बर्फात आमी सारे संगंच निघालो होतो," भाऊ एवढेच बोलला. त्या बर्फाखाली कोण कोण राहिले, हे त्याला विचारायचे धाडस मला आजवर झालेले नाही.