पालथी वाटी

अक्का गेल्याचा निरोप आला तेव्हा मी उभी होते, आणि तशीच उभी राहिले. बसवेना. आता महिना होत आला, तरी एका जागी टेकवत नाही. अक्का म्हणजे माझी थोरली जाऊ. निजामाच्या राजवटीत मी नवी नवरी होऊन बदनापूरजवळच्या आमच्या खेड्यात आले, त्याआधीच तिची दोन बाळं जन्मल्या आठवड्यातच गेली होती. ताप चढला, पिणं सोडलं, आणि...  तेव्हापासून ती सारखी काहीतरी घासत, पुसत, आवरत असायची.

तिसऱ्यांदा तिचे दिवस भरत आले होते, तेव्हाच गोठ्यात गाय व्याली. सासूबाईंनी खरवसासाठी चरवी पुढे केली, तर सासरे म्हणाले, "आधी वासराला पिऊ दे. चीक न्हाई भेटला तं वासरू जगत न्हाई." अक्का तिथंच शेण काढत होती. ती हातातलं टाकून उभी राहिली. वासरू पिऊन होईपर्यंत तिथून हलली नाही.

आमच्याकडे बाळंतिणीचं पहिलं पिवळं दूध, म्हणजे चीकच, वाटीत पिळून फेकून देत आणि बाळाला गुळाच्या पाण्याचा बोळा चोखवत. मुलगा झाला. सासूबाई वाटी घेऊन आल्या, ती अक्कानं हिसकली आणि पालथी घातली.

"वासराला पाजता, मंग माह्या लेकराला का न्हाई?"

"नासकं दूध हाय ते, बाई. बाधंल त्याला."

"त्या दोघांला न्हाई पाजलं. राह्यले का ते?"

थोड्याच दिवसांत बाळाची बेंबी लाल झाली, अंग तापलं. सगळं घर अक्काकडे बघायला लागलं. मला त्या नजरांचा अजून संताप येतो. ती बाळाला छातीशी धरून येरझाऱ्या घालत राहिली, पाजत राहिली. "अक्का, बसा ना," मी म्हटलं, तर म्हणाली, "बसले तं डोळा लागंल माहा." ताप उतरला तेव्हा आधी सासूबाईंनीच हात लावून पाहिला, आणि तिथंच बसून रडल्या.

कितीतरी वर्षांनी एका डॉक्टरीणबाईंनी आम्हाला समजावलं, की तान्ह्याची रोगाशी झुंजायची ताकद अजून कच्ची असते, चिकातून आईची ताकद त्याला मिळते. अक्कानं लगेच विचारलं, "म्हंजे ते दोघं जगले असते?" बाईंनी प्रामाणिकपणे सांगितलं, तसं खात्रीनं म्हणता येणार नाही. त्या उत्तरानं तिला शेवटपर्यंत स्वस्थ बसू दिलं नाही.

ती वाटी तिनं पुन्हा वापरली नाही. फळीवर कायम पालथी असायची. परवा कुणीतरी घासून सुलटी ठेवली होती, मी चटकन पुढे होऊन पालथी केली. अक्काचा तो मुलगा, आमचा भगवान, आता केस पिकलेला, म्हणाला, "काकू, बसा की जरा."

मी वळून पाहिलं. तो स्वतःच भिंतीपासून भिंतीपर्यंत येरझाऱ्या घालत होता.